कडा कापू नकोस

खारवाडी, ता. मालवण
२२ सप्टेंबर २०२४

चि. समीक्षा हिला काकाचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घरी सगळे बरे आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. आपल्या घरात फोनवर बोललेलं चुलीपर्यंत ऐकू जातं, आणि ही गोष्ट तुझ्या काकीला इतक्यात कळायला नको आहे.

मला एक कॅमेरा घ्यायचा आहे. हसून झालं की पुढे वाच.

झालं असं. गणपती संपले आणि किनाऱ्यावर पर्यटक यायला लागले. एका जोडप्याने माझ्या हातात छोटासा कॅमेरा दिला आणि म्हणाले, काका, आमचा एक फोटो काढा. मी त्याच्या मागच्या काचेत बघितलं आणि बघतच राहिलो. डावीकडे सड्याच्या कातळपठाराचं टोक, उजवीकडे देवळाचं टोक, मधलं सगळं पाणी, होड्या, आणि ते दोघे. अख्खा किनारा एकदम, मान न वळवता! मी बटण दाबायचं विसरलो. शेवटी ती मुलगी म्हणाली, "काका, काढला का?" मी त्या माणसाला विचारलं, ह्याला काय म्हणतात. तो म्हणाला, वाईड अँगल. मग त्याने कॅमेरा खिशात घातला आणि ते गेले. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

तू दहावीपर्यंत इथेच होतीस, तेव्हा रापण काय ते तुला सांगायला नको. तुझ्या आजोबांनंतर समुद्रावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी खडकावर उभा राहतो, मासळीचा थवा आत शिरला की लाल फडकं वर करतो, मग होडी जाळं घेऊन वळसा मारते आणि वाडी दोन्ही दोर ओढायला धावते. मी फडकं वर केलं नाही तर वाडी वाळूवर बसून राहते.

आता आपल्या रापणीवरचा तरणा विनीत म्हणतो, गेल्या हंगामात सड्याच्या बाजूने मासळी आली आणि गेली, पण गुरुकाकाने फडकं उचललं नाही. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मी म्हणतो, आलीच नाही. समुद्र पूर्वीचा राहिला नाही, लहान झाल्यासारखा झालाय. रापण संघाने सांगितलंय की यंदाही असं झालं तर फडकं विनीतकडे जाईल. समीक्षा, ते फडकं गेलं तर मी खडकावर कोण म्हणून उभा राहू?

तू पुण्यात लग्नांचे अल्बम बनवतेस. कॅमेऱ्यातलं कळणारी घरात तूच एक. मला खिशात मावेल असा एक निवडून दे. त्यात अख्खा किनारा मावला पाहिजे, बाकी काही नको.

तुझा काका,
गुरुदास

काकीला कळवू नकोस.


पुणे
३० सप्टेंबर २०२४

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं, आणि आता माझाच गोंधळ झालाय.

तुम्हाला मासळी बघायची आहे ना? मासळी लांब असते. लांबचं जवळ दिसायला झूम लागतो. वाईड अँगल त्याच्या उलट. त्यात खूप काही मावतं, पण मावलेलं सगळं लांब जातं. तुमचा थवा त्यात तिळाएवढा दिसेल. त्या जोडप्याचा कॅमेरा आवडला म्हणून तोच हवा, असं तर नाही ना? फोटो काढायचे आहेत की समुद्र बघायचा आहे? आणि मोबाईल का नको? हल्लीच्या मोबाईलमध्ये रुंद दिसणारी लेन्स असते. मी माझा जुना पाठवू शकते.

आमच्या स्टुडिओच्या मालकांकडे एक झूमचा कॅमेरा पडून आहे. तो कुरियरने पाठवते आहे. त्यातून देवळाच्या टोकावर बसलेला कावळासुद्धा मोजता येईल. वापरून बघा आणि कळवा.

आणि काकीपासून लपवण्यासारखं ह्यात काय आहे, तेही कळवा. ती काय कॅमेऱ्यावर रागावणार आहे?

तुमची,
समीक्षा


खारवाडी
९ ऑक्टोबर २०२४

चि. समीक्षा,
आशीर्वाद.

कॅमेरा परत पाठवतो आहे. तुझ्या मालकांना सांग, वस्तू नामी आहे, पण माझ्या कामाची नाही. जे मला दिसतं तेच तो आणखी मोठं करून दाखवतो. त्यातून समुद्राकडे बघितलं तर जीव घाबरा झाला. नळीतून बघावं तसं एवढंसं पाणी, आजूबाजूला काही नाही. मी लगेच खाली ठेवला.

पोरी, लांबचं मला दिसतं. देवगडकडून येणाऱ्या ट्रॉलरचं नाव मी खडकावरून वाचतो. मागच्या वर्षी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. डॉक्टरने पाठ थोपटली. त्यामुळे डोळ्यांची शंका काढू नकोस, विनीत काढतो तेवढी पुरे.

मोबाईल नको. ओल्या हाताने त्याची काच ऐकत नाही.

मी स्वतः कुडाळला बाजाराच्या दिवशी एका दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने काचेचं दार असं बसवलंय की माणूस त्याच्या चौकटीवर आपटतोच. आपटलो. मग त्याने मला आकडे सांगितले. हा इतक्या पट, तो इतक्या पट. मी म्हटलं, पट नकोत, रुंदी सांग. तर म्हणतो, ह्याच्यावर अठ्ठावीस लिहिलंय, त्याच्यावर चोवीस, चोवीसमध्ये जास्त मावतं. आकडा लहान आणि समुद्र मोठा, हे कुठलं गणित? मी त्याला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. नंतर तो मेगापिक्सेलवर गेला तेव्हा मी उठलो. परत येताना एसटीच्या खांबाला खांदा लागला. हल्ली सगळी दारं अरुंद करून ठेवली आहेत की काय, कोण जाणे.

काकीचं विचारलंस म्हणून लिहितो. ती अलीकडे माझ्याशी नीट बोलत नाही. बाजूने जाते, हाक मारत नाही. चहा आणून ठेवते आणि न बोलता निघून जाते, तो गार झाल्यावर मला कळतं. विचारायचं तरी काय? विनीतची आई तिची मैत्रीण. तिलाही वाटत असेल की नवऱ्याचं आता वय झालं. म्हणून तिला सांगत नाही. आधी माझा समुद्र मला पुरता बघू दे, मग बोलेन सगळ्यांशी.

मला तोच चोवीसवाला हवा आहे. गणित चुकीचं असलं तरी चालेल.

तुझा काका,
गुरुदास


पुणे
२० ऑक्टोबर २०२४

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्यापुढे हात टेकले. चोवीसवाला पाठवते आहे.

शोधताना माझी दमछाक झाली. आता नवे छोटे कॅमेरे दुकानात फारसे मिळत नाहीत, आणि कॉलेजच्या पोरांना जुन्यांचं वेड लागलंय, त्यामुळे जुनेही सहज हाती लागत नाहीत. एकात चोवीस होते पण बॅटरी फुगलेली. दुसऱ्याची काच ओरखडलेली. तिसरा गुलाबी होता, तो तुम्ही खडकावर धरलेला मला डोळ्यांपुढे आणवला नाही. चौथा घेतला. काळा आहे, शर्टाच्या खिशात मावेल, गळ्यात अडकवायला दोरी लावून घेतली आहे. खाऱ्या हवेतून आलात की सुक्या फडक्याने पुसा.

आकड्याचं गणित मलाही नीट समजावता येत नाही. एवढंच धरून चाला की आकडा लहान, तितकं दोन्ही बाजूंचं जास्त आत येतं. चालू केलात की आपोआप चोवीसवर असतो. बटणाभोवतीची कडी फिरवू नका, फिरवली की झूम होतो आणि तुम्हाला पुन्हा नळीतून बघितल्यासारखं होईल.

एक सांगते. वाईड लेन्समध्ये कडेला नको ते सगळं येतं. कोणाचं कोपर, कोणाच्या चपला, खुर्चीवरची ओली पिशवी. आणि कडेचा माणूस जाड नि वाकडा दिसतो. आमच्या स्टुडिओत मी दिवसभर तेच करते, नवरा-नवरी मध्ये ठेवते आणि कडा कापून टाकते. तेव्हा फोटो काढताना जे महत्त्वाचं ते मध्ये घ्या.

काकीचं वाचून मात्र मला काही कळेना. दिवाळीच्या फराळाचं विचारायला मी तिला फोन केला तर ती म्हणाली, "तुझ्या काकाक विचार, माका काय म्हायत?" तुमच्यात चाललंय तरी काय?

तुमची,
समीक्षा


खारवाडी
४ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र आल्याचं ह्यांना सांगू नकोस. फोन केला असता, पण हे ओटीवर असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

तू ह्यांना कॅमेरा पाठवलास, तो त्यांनी पिठाच्या डब्यामागे लपवला होता. स्वयंपाकघरात लपवतात आणि मला दिसणार नाही असं त्यांना वाटतं! त्याचं मला काही नाही. पण तो आल्यापासून हे घरात बसून त्याच्या काचेत बघत असतात. फोटो काढतात की नाही, कोण जाणे. नुसतं अंगणाकडे धरतात आणि बघतात. मी विचारलं, "काय बघतास त्यात?" तर म्हणाले, "घर." आता घर बघायला पेटी कशाला लागते, हे तूच मला सांग.

समीक्षा, वर्षभर झालं असेल, हा माणूस माझ्याकडे बघत नाही. शेजारी जाऊन उभी राहिले तरी मान वळत नाही. चहा घेऊन बाजूला थांबते, ते समुद्राकडे बघत बसतात. मी कंटाळून तिथेच ठेवून येते, तर नंतर चहा गार म्हणून कुरकुर. नरकचतुर्दशीला ओवाळायला ताट घेऊन आले, तर हे उठताना सरळ माझ्या हातावर आले, निरांजन खाली पडलं. आणि मलाच म्हणतात, "खंयसून इलंस गो मध्येच?" मी कुठून येणार? मी तिथेच उभी होते.

भाऊबीजेला माझे भाऊ आले, त्यांच्यासमोर मी हसत होते. रात्रभर मनात एकच, की माझं काय चुकलं? विनीतच्या आईशी बोलते म्हणून राग असेल तर मी तिच्याकडे जायचंसुद्धा सोडलं. तुला ते मनातलं लिहितात. मला एवढंच कळव, माझ्यावर कशाचा राग धरलाय?

तुझी काकी,
यशोदा


खारवाडी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा,
आशीर्वाद.

जे व्हायला नको होतं ते झालं.

परवा सकाळी मी खडकावर होतो. गळ्यात तुझा कॅमेरा. पाणी शांत, ऊन तापलेलं नव्हतं. विनीत खालून ओरडला, "काका, तारली इली! सड्याक बघ, सड्याक!" मी सड्याकडे मान वळवली. पाणी आणि पाणी, तारलीचा थवा कुठेच नाही. मी म्हटलं, "खंय आसा? माका दाखय!" तो बोट दाखवत होता, मी बोटाच्या रोखाने बघत होतो, आणि तेवढ्यात तोच म्हणाला, "गेली. भायर गेली."

मग जे बोलणं झालं ते लिहीत नाही. वाडी जमली. कोण म्हणालं आली होती, कोण म्हणालं नव्हती. विनीत मला खोटं पाडायला असं करतो, असा माझा संशय होताच. पण ह्या वेळी माझ्याकडे पुरावा आहे. तो ओरडला तसं मी आधी कॅमेरा उचलून बटण दाबलं होतं. अख्खा किनारा, टोकापासून टोकापर्यंत. छोट्या काचेत मला सगळं पाणी मोकळं दिसलं, पण उन्हात ती काच काळपट होते आणि आपल्या वाडीतल्या लोकांना एवढंसं बघून पटायचं नाही.

म्हणून आतलं कार्ड काढून काड्यापेटीत घालून पाठवतो आहे. त्यातला तो शेवटचा फोटो मोठा करून छापून दे. कॅलेंडरएवढा. महिनाअखेर संघाची बैठक आहे. मी तो सगळ्यांसमोर ठेवणार आणि म्हणणार, दाखवा ह्यात मासळी कुठे आहे ती.

बाकीचे फोटो घरचे, अंगणाचे आहेत. शिकण्यासाठी, काचेत न बघता नुसतं बटण दाबून काढले. त्यात बघण्यासारखं काही नाही, अंगण रिकामंच असतं. तुझी काकी कुठे असते दिवसभर, देव जाणे.

फोटो लवकर पाठव. माझं सगळं त्यावर आहे.

तुझा काका,
गुरुदास


पुणे
१९ नोव्हेंबर २०२४

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी लिहून दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते. एकटे असताना वाचा, आणि वाचून झालं की काकीला द्या. तिच्यापासून आता काही लपवू नका.

शेवटचा फोटो मी स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर लावला. मध्ये पाणी मोकळं आहे, तुम्ही म्हणता तसं. डाव्या कडेला, सड्याच्या खाली, पाण्याचा रंग बदललेला आहे. काळपट पट्टा आहे आणि त्यावर पक्षी घिरट्या घालताहेत. मी लहानपणी तुमच्याच शेजारी उभी राहून हे बघायला शिकले. काका, मासळी आली होती. विनीत खोटं बोलला नाही.

मला वाटलं, कापावा तो भाग आणि पाठवून द्यावा. एका मिनिटाचं काम आहे, रोज करते. माझा हात गेलाही होता. मग मी तुमचे अंगणाचे फोटो उघडले.

तुम्ही लिहिलंत, अंगण रिकामं असतं. पहिल्या फोटोत उजव्या कडेला काकी उभी आहे. हातात कप. दुसऱ्यात ती खांबापाशी आहे, तुमच्याकडेच बघते आहे. पुढच्यात तिचा अर्धा चेहरा आणि पदर. एका फोटोत तर ती इतकी जवळ आहे की हात लांब केला असता तर तुम्हाला लागला असता. काका, जवळजवळ प्रत्येक फोटोत काकी आहे. मध्ये कधीच नाही, नेहमी कडेला. आणि तुम्हाला ती दिसलेली नाही.

मग मला तुमच्या पत्रातलं एकेक आठवायला लागलं. दुकानाच्या दाराची चौकट. एसटीचा खांब. गार झालेला चहा. नळीतून बघितल्यासारखं होऊन घाबरणं. समुद्र लहान झालाय, हे तर तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी मूर्ख, मी तुम्हाला लेन्सचे आकडे समजावत बसले.

काकीने मला पत्र लिहिलं होतं. सांगू नकोस म्हणाली होती, तरी सांगते. तिला वाटतंय की तुम्ही तिच्यावर रागावला आहात म्हणून वर्षभर तिच्याकडे बघत नाही.

मी डॉक्टर नाही. तुम्ही तक्त्याची शेवटची ओळ वाचता ह्यावर माझा विश्वास आहे. पण तक्ता समोर असतो. तुम्ही असं करा. ओटीवर बसा आणि तुळशीकडे बघत राहा, मान हलवायची नाही. काकीला सांगा, माझ्या पाठीमागून बाजूने हळूहळू पुढे चालत ये. ती दिसली की हात वर करा. जर ती उशिरा दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बैठक नंतर. फडकं नंतर.

फोटो छापून सोबत पाठवते आहे. कापलेला नाही. बैठकीत ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर.

तुमची,
समीक्षा


खारवाडी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा,

घाईत लिहिते. तुझं पत्र ह्यांनी वाचलं, माझ्या हातात दिलं आणि फोटो घेऊन खडकावर जाऊन बसले. तू फोन करत होतीस तेव्हा मी मुद्दाम उचलला नाही, खडकाकडे लक्ष ठेवून होते. दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी आले आणि ओटीवर बसून म्हणाले, "ये, चल माझ्या बाजून."

उद्या कुडाळला जातो आहोत.

काकी


खारवाडी
१५ डिसेंबर २०२४

चि. समीक्षा,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. दोन दिवस रागावलो होतो, आता नाही. तू तो फोटो कापून पाठवला असतास तर मी बैठकीत जिंकलो असतो आणि बाकी सगळं घालवलं असतं, हे मला आता कळतंय.

तू सांगितलंस ते केलं. मी तुळशीकडे बघत बसलो. काकी मागून निघाली. मी वाट बघत होतो. म्हटलं, ही अजून उठली नाही की काय? आणि एकदम ती तुळशीजवळच दिसली, वृंदावनाला हात टेकून उभी, रडत. अख्खं अंगण ती चालून आली होती. म्हणाली, "म्हंजे तुमी माझ्यार रागावलास नाय होतास?" मी म्हटलं, "मी कित्याक रागावतंय? माका वाटला तूच बोलणंस नाय." वर्षभर आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांचा रुसवा जायची वाट बघत होतो. आता ती ते आठवून हसते. मला अजून हसू येत नाही.

कुडाळच्या डॉक्टरबाईंनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो, मग दिवे लागायचेच थांबले. मी म्हटलं, बाई, तुमचं मशीन बिघडलं. काकी बाहेरून बघत होती, ती म्हणाली, मशीन चालूच होतं. तेव्हा मला खरी भीती वाटली. इतकी भीती मला वादळात होडीवरसुद्धा वाटली नव्हती.

काचबिंदू आहे. कडेचं आधी जातं आणि समोरचं स्वच्छ राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून राखायचं, आयुष्यभर, चुकवायचं नाही. थेंबांचं खातं काकीने घेतलंय. आता ती समोर येऊन उभी राहते, नाक नाकाला लागेल इतकी, आणि म्हणते, "दिसतंय मां?"

डॉक्टरबाईंना मी तुझा कॅमेरा दाखवला. विचारलं, डोळ्यांना जे दिसत नाही ते ह्यात कसं दिसतं? त्यांनी सांगितलं, कॅमेरा मोठी जागा लहान करून मध्ये आणून ठेवतो, आणि तुमचं मधलं शाबूत आहे. म्हणजे त्या पर्यटकाच्या पेटीत मला माझाच गेलेला किनारा दिसला होता. डोळ्यांत पाणी का आलं ते आज कळलं.

बैठकीला गेलो. फोटो मीच टेबलावर ठेवला आणि सड्याखालच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हटलं, मासळी इथे आहे, मला दिसली नाही, विनीतला दिसली. विनीत खाली बघत होता. फडकं मी घडी करून नेलं होतं, ते त्याच्या हातात दिलं. घरी येईपर्यंत हात रिकामा रिकामा वाटत होता, ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही. ते जाईल असं मला वाटत नाही, आणि मी तुला खोटं लिहिणार नाही.

आता मी दोरावर असतो. दोर ओढताना पुढच्याची पाठ दिसली की काम भागतं.

काल विनीतने फडकं वर केलं. मासळी सड्याकडूनच आली. जाळं पडलं, दोन्ही दोर ओढायला वाडी लागली, आणि जाळं किनाऱ्याला टेकायला आलं तेव्हा विनीतच म्हणाला, "काका, खडकार जा. फोटो काढ आमचो." मी चढलो. डॉक्टरबाईंनी शिकवलंय की आधी मान पूर्ण डावीकडे न्यायची, मग पूर्ण उजवीकडे, मगच पाऊल टाकायचं. तसं केलं. डावीकडे विनीत फडकं खांद्यावर टाकून उभा होता. मग दोर, माणसं, जाळं, पुन्हा माणसं. आणि पार उजवीकडे, वाळूच्या टोकाला, तुझी काकी टोपली घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला हात केला. तिनेही केला. मग मी कॅमेरा समोर धरला, सगळं मावलंय ना ते बघितलं आणि बटण दाबलं.

कार्ड सोबत आहे, काड्यापेटीतच. कॅलेंडरएवढाच छाप, संघाच्या खोलीत लावायचा आहे. डावीकडे कोणाचं तरी कोपर आलंय आणि उजवीकडे काकी जरा जाड दिसते.

कडा कापू नकोस.

तुझा काका,
गुरुदास